पूजेचे शुभ्र वस्त्र : निवड, शिवण, नेसण आणि निगा



इंदुरातील आपल्या मंदिरात अभिषेक, लघुरुद्र, सत्यनारायण किंवा पारायण यांसाठी नाव नोंदविण्यास येणारे भाविक देणगीच्या पावतीइतक्याच अगत्याने एक प्रश्न विचारतात, तो म्हणजे 'वस्त्र कोणते नेसून यावे?' पूर्वी या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधारी मंडळी देत असत. आता पुष्कळ घरांत धोतर नेसणारे कोणी राहिले नाही, सोवळ्याची दांडी गेली आणि बाजारात पूजेचे म्हणून जे विकले जाते त्यात चांगले कोणते हे ओळखणेही कठीण झाले आहे. म्हणून या विषयाची माहिती एके ठिकाणी असावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

आणखी एक कारण आहे, ते सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी एका अभिषेकाचे यजमान पाटलोण घालून आले. धोतर आणण्याची सूचना त्यांना मिळाली नव्हती. आमच्यापैकी एकाने त्यांना गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर, सर्वांसमक्ष थांबविले. त्यांच्यासोबत त्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या. अभिषेक गुरुजींनीच उरकला, मातोश्रींनी दुरून हात जोडले आणि ते कुटुंब पुन्हा मंदिरात आले नाही. नियम चुकीचा नव्हता. तो सांगण्याची वेळ आणि रीत चुकीची होती. वस्त्राअभावी कोणी देवाच्या दारातून परत जावे ही गोष्ट वस्त्रातील कोणत्याही उणिवेपेक्षा मोठी आहे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

शुभ्र वस्त्रच का?

पूजेच्या वस्त्राविषयी परंपरेचा मुख्य आग्रह रंगाचा नसून शुद्धतेचा आहे. वस्त्र धूत म्हणजे धुतलेले असावे. ते फाटलेले, जळलेले, मळलेले किंवा दुसऱ्याने वापरून तसेच टाकलेले नसावे. पांढऱ्या कापडावर डाग लपत नाही, म्हणून ते स्वच्छ ठेवणे भागच पडते. रंग न दिलेले सुती कापड वारंवार धुता येते, उकळता येते आणि कडक उन्हात वाळविता येते. शिवाय पांढरा रंग ऊन कमी शोषतो आणि सूत घाम टिपते. चैत्र-वैशाखात माळव्याच्या उन्हात दोन-तीन तास होमापाशी बसणाऱ्यास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

एकच वस्त्र नेसून देवपूजा करू नये, असाही संकेत आहे. म्हणून पुरुषांनी धोतरासोबत उपरणे घ्यावयाचे असते. त्या उत्तरीयास केवळ शोभेची वस्तू समजू नये.

सोवळ्याची वस्त्रे व त्यांची नावे

नव्या पिढीस ही नावे अपरिचित वाटतात, म्हणून थोडक्यात देतो.

धूतवस्त्र : सुती धोतर अथवा सुती लुगडे. सूत लवकर ओवळे होते असे मानले गेल्याने ते रोज धुवावे लागे. आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घालावयाचे आणि स्नानानंतरच त्याला हात लावावयाचा, अशी पद्धत होती.

मुकटा, कद व पीतांबर : ही रेशमी सोवळी. रेशीम रोज धुतले नाही तरी सोवळ्यास चालते, असा संकेत असल्याने प्रवासात व नैमित्तिक पूजेस ती सोयीची पडत.

धाबळी : लोकरीचे सोवळे. रेशमाप्रमाणेच लोकरही नित्य न धुता चालते.

रेशमाबाबत काही भाविकांच्या मनात शंका असते. नेहमीचे तुतीचे रेशीम काढताना कोशातील कीटक मारले जातात, ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या मनास हे पटत नाही त्यांनी निःशंकपणे सुती धूतवस्त्र नेसावे. ते परंपरेस मान्य आहे आणि बहुतेकांना परवडणारेही आहे.

मापे

धोतर हातांच्या मापाने विकले जाते. एक हात म्हणजे १८ इंच. त्या हिशेबाने ८ हाती धोतर सुमारे ३.६५ मीटर, ९ हाती सुमारे ४.१० मीटर आणि १० हाती सुमारे ४.५५ मीटर भरते. सडपातळ व्यक्तीस ८ हाती पुरते, मध्यम बांध्यास ९ हाती घ्यावे, आणि उंच वा स्थूल व्यक्तीने १० हातीच घ्यावे. आखूड धोतराचा कासोटा बसता-उठता सुटतो व मनुष्य पूजेऐवजी धोतराकडेच लक्ष देत राहतो.

लांबीइतकाच पन्हा महत्त्वाचा आहे. कमरेपासून घोट्यापर्यंतचे अंतर घरी मोजून घ्यावे आणि तितका पन्हा आहे की नाही ते दुकानात पाहावे. उपरणे साधारण ५ हात, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास असावे. नऊवारी लुगडे नावाप्रमाणे ९ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर असते.

कापड घेताना

१. पारदर्शकता. फार तलम सूत दिसावयास सुंदर, परंतु अंगावर पारदर्शक असते. कापडाच्या एका पदराखाली आपला तळहात धरून उजेडात पाहावे. बोटे स्पष्ट मोजता आली तर ते धोतर एकट्याने पुरेसे झाकणार नाही. किंचित जाड सूत घ्यावे किंवा आत पांढरी अर्धी विजार घालावी.

२. सूत की मिश्रण. 'इस्त्री लागत नाही' असे सांगून विकल्या जाणाऱ्या बहुतेक धोतरांत पॉलिएस्टर असते. ते घाम टिपत नाही आणि ज्योतीजवळ धोक्याचे असते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

३. 'आर्ट सिल्क'. हे शब्द कलात्मक रेशीम या अर्थाचे नाहीत. ते कृत्रिम रेशीम होय. सोवळे म्हणून मिळणारी पुष्कळ चकचकीत स्वस्त वस्त्रे याच प्रकारची असतात. खऱ्या रेशमासाठी २००४ पासून 'सिल्क मार्क' आणि हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' ही चिन्हे आहेत, ती पाहून घ्यावीत.

४. धाग्याची परीक्षा. काठातून सुटलेला एक धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राखाडी राख उरते. रेशमास केस जळल्याचा वास येतो आणि त्याची काळी गोळी बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते व त्याची कठीण गोळी होते, ती चुरडत नाही.

आपण माळव्यात राहतो, तेव्हा महेश्वरचे नाव घेतल्याविना हा भाग पुरा होणार नाही. देवी अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांच्या आश्रयाने नर्मदातीरी वाढलेला हा हातमाग आजही चालू आहे. महेश्वरी कापड सुतीही मिळते. आज ताणा रेशमी व बाणा सुती असे मिश्र विणणे अधिक आढळते. पांढऱ्या किंवा मोतिया अंगाची, बारीक काठाची सुती महेश्वरी साडी पूजेस हलकी आणि शोभिवंत असते. चंदेरी अधिक पारदर्शक असल्याने तिच्याखाली चांगला सुती परकर हवाच. इंदूरच्या गिरण्यांचे कापड जुन्या मंडळींना आठवत असेल. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तो काळ संपला. आता सुती धोतरे बहुधा दक्षिणेतून, तसेच इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांतून येतात.

स्त्रियांचे शुभ्र वस्त्र

या विषयावर आमच्याकडे दबक्या आवाजात विचारणा होते, म्हणून स्पष्ट लिहितो. माळव्यात व उत्तरेकडे पांढरी साडी वैधव्याशी जोडली गेली आहे. त्यामुळे सुवासिनींना ती नेसावीशी वाटत नाही, आणि ज्यांचे यजमान हयात नाहीत अशा भगिनी ती नेसून आल्या तर आपण होऊन मागच्या रांगेत बसतात.

ही समजूत सर्वत्र व सर्वकाळ नव्हती. महाराष्ट्रातच पूर्वी केशवपन केलेल्या विधवांना तांबडे अलवण नेसावे लागे. म्हणजे तेथे वैधव्याची खूण तांबडी होती. केरळात सोनेरी काठाचे पांढरे वस्त्र सर्व स्त्रिया, नववधूसुद्धा, मंगलप्रसंगी नेसतात. रंगाला अर्थ माणसे देतात, आणि प्रांतागणिक तो बदलतो.

सुवासिनींना संकोच वाटत असल्यास त्यांनी लाल, हिरव्या वा जांभळ्या काठाची पांढरी अथवा मोतिया साडी नेसावी. आमच्या मंदिरात वस्त्राच्या रंगावरून किंवा सौभाग्यावरून कोणत्याही भगिनीची जागा ठरत नाही. पारायणास जी आधी येईल ती पुढे बसेल. स्वयंसेवकांनी याविरुद्ध वागू नये, अशी स्पष्ट सूचना त्यांना दिलेली आहे.

शिवलेले वस्त्र चालते काय?

गाभाऱ्यातील पूजेस अखंड, न शिवलेले वस्त्र ही जुनी रीत आहे आणि आपल्या मंदिरात ती पाळली जाते. सभामंडपातील आरती, भजन, पारायण व प्रदक्षिणा यांसाठी मात्र अंग झाकणारे, स्वच्छ, शिवलेले वस्त्र पूर्णतः चालते. तयार शिवलेले धोतर सभामंडपात चालेल. जे वृद्ध किंवा व्याधिग्रस्त भाविक धोतर सांभाळू शकत नाहीत, त्यांना गुरुजींच्या संमतीने अभिषेकासही त्याची मुभा आहे.

घरी किंवा शिंप्याकडे पांढरा पूजेचा पोशाख शिवून घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. नवे सूत पहिल्या धुण्यात आटते. तसेच शिवले तर सदरा पुढे आखूड होतो.

२. पोशाख मांडी घालून बसण्यासाठी आहे, हे शिंप्यास सांगावे. पायजम्याचे आसन खोल असावे व मियानी घालावी, म्हणजे बसताना शिवण उसवत नाही. माप उभ्याने घेतल्यावर एकदा मांडी घालून बसून पाहावे.

३. सदऱ्याची लांबी गुडघ्यापर्यंत असावी. नमस्कारासाठी वाकले असता पाठ उघडी पडू नये. बाजूची चीर कमरेच्या बरीच खाली सुरू व्हावी.

४. बाह्या मनगटापर्यंत असल्या तरी सैल झुलणाऱ्या नसाव्यात. निरांजन ओवाळताना त्या ज्योतीत येतात. बंद बाही किंवा कोपराच्या किंचित खाली येणारी बाही चांगली.

५. सुमारे ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या व्यक्तीचा लांब सदरा साधारण अडीच मीटरमध्ये आणि पायजमा तितक्याच कापडात होतो. उंची अधिक असल्यास शिंप्यास आधी विचारावे.

६. वृद्धांसाठी नाडीसोबत मागील बाजूस इलॅस्टिक घालावे. बटणे मोठी असावीत आणि गळा डोक्यावरून सहज निघेल इतका उघडा असावा. चाकांच्या खुर्चीवर येणाऱ्यांचे वस्त्र घोट्याच्या वरच संपावे, म्हणजे ते चाकात अडकत नाही.

धोतर नेसण्याची सोपी रीत

धोतराची लांबी मध्यावर दुमडून मधली जागा पाठीमागे कमरेवर धरावी. दोन्ही बाजू पुढे आणून नाभीजवळ काठांची घट्ट गाठ मारावी. आता दोन सोगे पुढे लोंबत राहतील. एका सोग्याच्या निऱ्या करून तो दोन्ही पायांमधून मागे न्यावा व कमरेच्या मध्यावर खोचावा, हा कासोटा. दुसऱ्या सोग्याच्या लांबीच्या निऱ्या घालून त्या पुढे नाभीजवळ खोचाव्या. कोणता सोगा मागे न्यावयाचा याबाबत घराघरांत फरक असतो. आपल्या घरची रीत असेल तीच ठेवावी. प्रथम नेसणाऱ्याने आदल्या दिवशी दोनदा नेसून, जमिनीवर बसून व उठून पाहावे. कासोटा सुटत असेल तर निऱ्या रुंद करून खोलवर खोचाव्या.

दिव्याजवळ सावधगिरी

हा भाग सर्वांनी काळजीपूर्वक वाचावा. त्रिपुरी पौर्णिमेच्या एका दीपोत्सवात दीपमाळेपाशी वाकलेल्या एका भगिनीच्या पदराने पेट घेतला. शेजारी पाण्याची घागर होती आणि जवळच्या मुलीने प्रसंगावधान राखले, म्हणून केवळ हात भाजण्यावर निभावले. साडी कृत्रिम धाग्याची होती. वितळलेले कापड त्वचेस चिकटल्याने जखम खोल झाली व बरी होण्यास अनेक आठवडे लागले.

सूतही पेटते आणि तलम सूत तर झपाट्याने पेटते; मात्र ते वितळून अंगास चिकटत नाही. लोकर व शुद्ध रेशीम त्यामानाने सावकाश पेटतात. म्हणून दिवे, होम व आरती यांपाशी बसणाऱ्यांनी कृत्रिम धाग्याचे वस्त्र नेसू नये. पदर कमरेस खोचावा, उपरणे खांद्यावरून कंबरेस आडवे बांधावे आणि लहान मुलांना ओढणी देऊ नये.

वस्त्राने पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. इतरांनी जाड सतरंजी किंवा घोंगडी लपेटून ज्वाला विझवावी. भाजलेल्या जागी सुमारे २० मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडावे. बर्फ, तूप, हळद किंवा दंतमंजन लावू नये. त्वचेस चिकटलेले कापड ओढून न काढता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

डाग व निगा

हळद : साबण लावताच हळदीचा डाग तांबडा होतो, त्याने घाबरू नये. धुऊन कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

पंचामृत : दूध-दह्याचा डाग आधी गार पाण्यात धुवावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

तूप व तेल : डागावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर टाकून काही वेळ ठेवावी, झटकावी, मग भांड्यांचा साबण लावून कोमट पाण्याने धुवावे.

कुंकू, गुलाल व बुक्का : ओल्या हाताने चोळू नये. प्रथम कोरडे झटकावे, नंतर भरपूर वाहत्या पाण्यात धुवावे.

सुती धोतरास पिवळटपणा आल्यास शेवटच्या पाण्यात किंचित नीळ घालावी. तांदळाच्या पेजेची किंवा साबुदाण्याची पातळ खळ दिली म्हणजे निऱ्या चांगल्या बसतात. रेशमास क्लोरीनचे ब्लीच कधीही लावू नये, त्याने धागा कुजतो. रेशीम रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणाने धुवावे, न पिळता सावलीत वाळवावे, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. घामाने भिजलेले सोवळे तसेच घडी करून ठेवू नये.

अन्य क्षेत्री जाताना

वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिरात पुरुषांना गाभाऱ्यात अंगावरील सदरा उतरवूनच प्रवेश मिळतो. गुरुवायूर येथे पुरुषांनी मुंडू नेसावयाचे असते व सदरा चालत नाही. उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिरात गाभाऱ्यातील जलार्पणासाठी पुरुषांस धोतर-सोवळे व स्त्रियांस साडी असा दंडक आहे. गाभाऱ्यातील प्रवेश मात्र जुलै २०२३ पासून सर्वसामान्य भाविकांसाठी बंद करण्यात आला. मुंबईच्या श्रीसिद्धिविनायक मंदिराने जानेवारी २०२५ मध्ये सभ्य पोशाखाचा नियम जाहीर केला. आपल्या इंदुरातील श्वेतांबर जैन बांधवही पूजेस धोतर व खेस नेसतात. नियम स्थळोस्थळी भिन्न असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आपल्या मंदिरातील व्यवस्था

१. अभिषेकाची नोंद करतेवेळीच वस्त्राविषयीची सूचना पावतीसोबत लेखी दिली जाते.

२. कार्यालयातील कपाटात धुतलेली सुती धोतरे, उपरणी व साड्या ठेवलेल्या असतात. ज्यांनी आणले नसेल त्यांनी निःसंकोच मागावीत. मूल्य आकारले जात नाही. वापरानंतर धुण्याच्या टोपलीत टाकावीत.

३. धोतर नेसता येत नसेल तर गुरुजी किंवा ज्येष्ठ सेवेकरी आतल्या खोलीत नेसवून देतील. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. त्यांनाही कोणीतरी शिकविलेच होते.

४. वस्त्राबाबत कोणास काही सांगावयाचे झाल्यास ते बाजूला घेऊन, हलक्या आवाजात व आदराने सांगावे.

ज्या भाविकांना या कपाटासाठी वस्त्रदान करावयाचे असेल त्यांनी नवे, शुद्ध सुती, ९ किंवा १० हाती धोतर द्यावे. जुनी परंतु न फाटलेली वस्त्रेही धुऊन दिल्यास सभामंडपासाठी स्वीकारली जातील.

ज्या कुटुंबाचा उल्लेख आरंभी केला, त्यांच्यापैकी कोणाच्या वाचनात हा लेख आला तर त्यांनी अवश्य यावे. धोतर आणले नाही तरी चालेल. ते येथे धुऊन, घडी घालून ठेवलेले आहे.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
आपला नम्र,
चिटणीस